विंडोजचा जुना प्रोग्राम लिनक्सवर नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका प्रयोगशाळेत नमुने मोजणाऱ्या यंत्राला जोडलेला, २००४ च्या सुमारास विंडोज एक्सपीसाठी लिहिलेला प्रोग्राम रोजच्या वापरात आहे. तो लिहिणारे आता संपर्कात नाहीत आणि सोर्स कोडही हाती नाही. बाकीचे सर्व संगणक लिनक्सवर गेले आहेत. हा प्रोग्राम वाइनमध्ये (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनात) इन्स्टॉल केला तर उघडतो, मेन्यू दिसतात, जुन्या नोंदीही दिसतात. एवढ्यावर विसंबून जुना संगणक काढून टाकावा, की व्हर्च्युअल मशीन (लिनक्समध्येच चालणारा, स्वतःचे विंडोज असलेला आभासी संगणक) वापरावे?

जुना संगणक अजून काढू नये. प्रोग्राम उघडला यावरून इतकेच कळते की त्याची फाइल वाचता आली आणि खिडक्या रंगवण्यासाठी लागणारी फंक्शने सापडली. त्याचे खरे काम म्हणजे यंत्राकडून आकडे घेणे, ते योग्य तारखेखाली साठवणे आणि महिन्याअखेरीस बरोबर अहवाल काढणे. त्यासाठी तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या वेगळ्याच भागांना हात घालतो. माझ्या अनुभवात वाइन की व्हर्च्युअल मशीन हा निर्णय आवडीनिवडीचा नसतो. प्रोग्राम सिस्टिममध्ये किती खोलवर शिरतो हे शोधले की निर्णय आपोआप होतो. म्हणून आधी ही खोली म्हणजे काय ते सांगतो.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच प्रकारच्या प्रोसेसरवर चालत असतील, तर प्रोग्राममधल्या बेरीज-वजाबाकीच्या, तुलना करण्याच्या, उडी मारण्याच्या सूचना दोन्हीकडे जशाच्या तशा चालतात. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली फाइलच्या रचनेची आहे. विंडोजची एक्झिक्यूटेबल फाइल ‘एम’ आणि ‘झेड’ या दोन अक्षरांनी सुरू होते (डॉसच्या काळातले मायक्रोसॉफ्टचे अभियंता मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरे आहेत) आणि तिची पुढची मांडणी ‘पीई’ या पद्धतीची असते, तर लिनक्सला ‘ईएलएफ’ मांडणी कळते. ही अडचण किरकोळ आहे, कारण पीई फाइल वाचून मेमरीत योग्य जागी मांडणारा लोडर लिहिता येतो. दुसरी अडचण मोठी आहे. फाइल उघडणे, खिडकी काढणे, पोर्टवरून बाइट वाचणे अशा प्रत्येक कामासाठी प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागणी करतो, आणि मागण्यांची भाषा दोन्हीकडे पूर्ण वेगळी आहे.

या दुसऱ्या अडचणीत विंडोजची एक रीत आपल्या उपयोगी पडते. विंडोजचे सर्वसाधारण प्रोग्राम कर्नलशी, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याशी, थेट बोलत नाहीत. ते कर्नल३२, यूजर३२, जीडीआय३२ अशा डीएलएलमधली (अनेक प्रोग्रामांनी वाटून वापरायच्या फंक्शनांच्या फाइलींमधली) फंक्शने बोलावतात, आणि त्या डीएलएल पुढे, काही वेळा एनटीडीएलएल या आणखी एका डीएलएलमार्फत, कर्नलला हाक देतात. कर्नलच्या हाकांचे क्रमांक विंडोजच्या एका आवृत्तीतून दुसरीत बदलत असल्यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना डीएलएलच्या दारातूनच जावे लागते. वाइन नेमके तेच दार ताब्यात घेते. त्याच नावाच्या, त्याच फंक्शनांच्या, पण आतून लिनक्सच्या सोयी वापरणाऱ्या डीएलएल ते पुरवते. म्हणून ‘वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर’ हा त्याच्या नावाचा विस्तार तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे. प्रोसेसरची नक्कल इथे होत नाही, त्यामुळे वाइनमध्ये शुद्ध आकडेमोड जवळजवळ मूळ वेगानेच चालते.

हे काम किती विस्तीर्ण आहे याची कल्पना काळावरून येईल. वाइनची सुरुवात १९९३ साली झाली, १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार हे त्याची धुरा सांभाळत आहेत, आणि १.० ही आवृत्ती जून २००८ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी आली. फंक्शनाच्या नावाची नोंद असते, पण त्याच्या वागण्याची संपूर्ण नोंद नसते. चुकीचा आकडा दिल्यावर कोणता एरर कोड परत येतो, दोन खिडक्यांना संदेश कोणत्या क्रमाने पोचतात, रिकाम्या मजकुराची लांबी किती धरली जाते, अशा हजारो बारीक सवयींवर जुने प्रोग्राम नकळत उभे असतात. वाइनच्या विकासकांना हे सारे बाहेरून चाचण्या लिहून शोधावे लागते. विंडोजचा फुटलेला सोर्स कोड ज्याने पाहिला आहे त्याचे काम प्रकल्पात स्वीकारत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

उलट दिशेचे उदाहरणही इथे बोलके आहे. लिनक्सच्या कर्नलचे सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलला द्यायच्या हाका, स्थिर असतात, चालू प्रोग्राम मोडायचा नाही हा तिथला कडक नियम आहे. त्यामुळे लिनक्सचे प्रोग्राम दुसरीकडे चालवायचे तर थेट कर्नलच्या दारात भाषांतर करता येते, आणि फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने तसे केले आहे. मायक्रोसॉफ्टनेही २०१६ साली विंडोज १० मध्ये ‘विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स’ आणताना हाच मार्ग धरला. पण दोन्ही बाजूंच्या फाइलविषयक समजुतींत मुळातच फरक आहे. लिनक्समध्ये उघडी असलेली फाइल पुसता येते, विंडोजमध्ये उघडतानाच ती वाटून घेण्याचे नियम ठरतात. हजारो लहान फाइलींना हात लावणारी कामे तिथे फार संथ होत आणि काही सिस्टिम कॉल शेवटपर्यंत अपुरे राहिले. २०१९ साली जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी भाषांतराऐवजी हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये खरा लिनक्स कर्नलच बसवला. विंडोजचा सोर्स कोड स्वतःच्या हातात असणाऱ्यांनीसुद्धा एका टप्प्यावर भाषांतर थांबवून संपूर्ण सिस्टिम सोबत घेण्याचा निर्णय घेतला. तो टप्पा आपल्या प्रोग्रामच्या बाबतीत कुठे येतो, एवढेच आपल्याला शोधायचे आहे.

वरच्या थरापासून सुरुवात करू. खिडक्या, मेन्यू, साध्या फाइली, रजिस्ट्री (विंडोज आपल्या सेटिंग ठेवते ती नोंदवही) आणि छपाई या थरात वाइन आता भरवशाचे आहे. छपाई कप्स या लिनक्सच्या छपाई व्यवस्थेमार्फत होते, म्हणजे लिनक्सला जो प्रिंटर दिसतो तो प्रोग्रामलाही दिसतो. अक्षरे मात्र तपासावीत. मूळ प्रोग्रामने एरियल किंवा टाइम्स न्यू रोमन गृहीत धरले असेल आणि ते फॉन्ट नसतील, तर अहवालाचे रकाने सरकतात. लिबरेशन फॉन्टमधल्या अक्षरांची रुंदी मूळ फॉन्टांशी जुळती ठेवलेली असल्याने ते बसवले की बहुतेक वेळा मांडणी पूर्ववत होते.

त्याखालच्या थरात प्रोग्रामने इतरांकडून घेतलेले घटक येतात. त्या काळातल्या प्रोग्रामांमध्ये बहुधा व्हिज्युअल बेसिक ६ ची रनटाइम (त्या भाषेतले प्रोग्राम चालायला लागणारे घटक), एमडीबी फाइलींत नोंदी ठेवणारे जेट डेटाबेस इंजिन, एखादा अहवाल काढणारा घटक आणि कधी इंटरनेट एक्सप्लोररची खिडकी आत बसवलेली आढळते. वाइन यांतल्या काहींना पर्याय देते. डॉटनेटसाठी वाइन-मोनो आणि वेबपानांसाठी वाइन-गेको असते. बाकीचे घटक विनट्रिक्स या मदतनीस स्क्रिप्टने मूळ स्वरूपात बसवावे लागतात. इथे एक चूक मी फार वेळा पाहिली आहे. प्रोग्राम अडला की लोक मिळतील त्या डीएलएल कुठूनतरी उतरवून फोल्डरमध्ये टाकत जातात आणि शेवटी तो चालला तरी कशामुळे चालला हे कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी या एका प्रोग्रामसाठी वेगळे प्रीफिक्स, म्हणजे वेगळे ‘सी ड्राइव्ह’ आणि वेगळी रजिस्ट्री असलेले फोल्डर, तयार करावे. प्रत्येक घटक एकेक करून बसवावा आणि प्रत्येक पायरीनंतर त्या फोल्डरची प्रत ठेवावी. वाइनची रजिस्ट्री साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये असते, त्यामुळे दोन प्रतींची ओळीनुसार तुलना करून इन्स्टॉलरने नेमके काय बदलले ते पाहता येते.

या थरातली एक गोष्ट विशेष जपावी लागते, ती म्हणजे एमडीबी फाइलीचे कुलूप. विंडोजमध्ये एखादी फाइल कोणी कशी उघडायची याचे नियम सिस्टिम पाळते. वाइनमध्ये ते नियम वाइनसर्व्हर ही प्रक्रिया सांभाळते, पण फक्त तिच्याच देखरेखीखाली चालणाऱ्या प्रोग्रामांपुरते. नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये एमडीबी ठेवून दोन लिनक्स संगणकांवरून तो प्रोग्राम एकाच वेळी चालवला, तर एका वाइनसर्व्हरला दुसऱ्याचे हे नियम कळत नाहीत आणि डेटाबेस बिघडण्याचा धोका खरा असतो. तुमच्याकडे एकाच जागेवरून काम होत असेल तर प्रश्न नाही. दोन जागांवरून होत असेल तर मी वाइनचा विचार तिथेच सोडून देईन.

पुढचा थर यंत्राचा. मोजमापाचे यंत्र सीरियल पोर्टवर, म्हणजे यूएसबीआधीच्या जुन्या जोडणीवर, असेल तर आनंदाची गोष्ट आहे, कारण सीरियल पोर्ट वाइनला चांगला कळतो. तरीही ‘पोर्ट सापडत नाही’ ही तक्रार नेहमीची आहे आणि तिचे कारण बहुधा तीनपैकी एक असते. चालवणाऱ्या वापरकर्त्याला पोर्ट उघडण्याची परवानगी नसते. अनेक वितरणांत त्यासाठी त्याला ‘डायलआउट’ गटात घालावे लागते. दुसरे कारण चटकन लक्षात येत नाही. लिनक्स बत्तीसपर्यंत ‘टीटीवायएस’ पोर्टांची नावे तयार करून ठेवू शकते, मग ती प्रत्यक्ष सर्किट असोत वा नसोत. वाइन कॉम क्रमांक (विंडोजमध्ये सीरियल पोर्टांना असतात ते) वाटताना आधी ती मोजते, त्यामुळे यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरवर असलेल्या तुमच्या यंत्राला कॉम३३ हा क्रमांक मिळतो आणि जुन्या प्रोग्रामच्या यादीत कॉम१ ते कॉम४ एवढेच पर्याय असतात. यावर उपाय म्हणून वाइनच्या रजिस्ट्रीत लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, वाइन, पोर्ट्स या ठिकाणी कॉम१ अशी नोंद करून तिला खऱ्या उपकरणाचा पत्ता द्यावा आणि वाइनसर्व्हर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. तिसरे कारण या पत्त्यातच दडलेले असते. ‘टीटीवाययूएसबी०’ हे नाव कायम नसते, दोन कन्व्हर्टर असतील तर पुढच्या वेळी संगणक सुरू होताना त्यांची नावे आपापसांत बदलू शकतात. म्हणून ‘डेव्ह’ फोल्डरमधल्या ‘सीरियल’ खाली ‘बाय-आयडी’ मध्ये जे लांब, कन्व्हर्टरच्या ओळखीवरून तयार झालेले नाव दिसते, तेच रजिस्ट्रीत लिहावे.

यंत्र थेट यूएसबीवर असेल आणि त्यासोबत विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर आलेला असेल, किंवा प्रोग्राम परवान्याचे डोंगल (संगणकाला जोडायची छोटी किल्ली) लावल्याशिवाय सुरू होत नसेल, तर चित्र बदलते. असे ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये बसण्यासाठी लिहिलेले असतात आणि वाइन तर कर्नलच्या वरच्या थरात काम करते. काही मोजके ड्रायव्हर वाइनमध्ये चालतात, पण रोजच्या कामासाठी त्यावर भिस्त ठेवू नये. ज्या टप्प्यावर भाषांतर थांबवावे असे मी वर म्हटले, तो तुमच्यासाठी हाच आहे. तिथून पुढे व्हर्च्युअल मशीन.

आता मला बसलेला एक फटका सांगतो, कारण तो कोणत्याही एरर मेसेजशिवाय बसला. असाच एक नोंदी ठेवणारा, व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला प्रोग्राम मी वाइनवर नेला होता. यंत्राकडून येणाऱ्या मजकुरात तारीख ‘दिवस, महिना, वर्ष’ अशा क्रमाने येत असे आणि प्रोग्राम तिचे रूपांतर सिस्टिमच्या प्रादेशिक सेटिंगनुसार करत असे. मूळ विंडोज संगणकावर तोच क्रम निवडलेला होता. नवा लिनक्स संगणक मात्र अमेरिकन इंग्रजीत बसवला गेला होता आणि वाइन आपली प्रादेशिक सेटिंग लिनक्सच्या लोकेलवरून (भाषा आणि प्रदेशाच्या निवडीवरून) घेते, म्हणजे महिना आधी. मी चाचणी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात केली. २५ मार्चची तारीख महिना-आधी क्रमाने वाचताच येत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. अशा वेळी रूपांतर करणारे फंक्शन तक्रार न करता दुसरा क्रम वापरून पाहते आणि बरोबर उत्तर देते. त्यामुळे आठवडाभराच्या चाचण्या निर्दोष उतरल्या.

एप्रिलच्या १० तारखेला कोणीतरी चालू महिन्याचा अहवाल काढला, तेव्हा त्यात केवळ ४ एप्रिलच्या नोंदी होत्या. १ एप्रिलच्या नोंदी ४ जानेवारीखाली गेल्या होत्या, २ एप्रिलच्या ४ फेब्रुवारीखाली, ५ एप्रिलच्या पुढे येणाऱ्या ४ मे खाली. दिवस आणि महिना दोन्ही चार असलेली एकच तारीख शाबूत राहिली होती. नोंदी हरवल्या नव्हत्या, त्या वर्षभर विखुरल्या होत्या. प्रत्येक नोंदीसोबत क्रमाने वाढणारा अनुक्रमांक होता म्हणून त्या परत जागेवर लावता आल्या. तो नसता तर जानेवारीतली खरी नोंद कोणती आणि एप्रिलमधून आलेली कोणती, हे वेगळे काढणे शक्य झाले नसते. उपाय एका ओळीचा होता: प्रोग्राम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘एलसी_ऑल’ या चलाला ब्रिटिश इंग्रजीचे लोकेल देणे, आणि ते लोकेल लिनक्सवर प्रत्यक्ष तयार केलेले आहे याची खात्री करणे. तेव्हापासून मी कोणत्याही स्थलांतराची चाचणी महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतली एक आणि नंतरची एक अशा दोन तारखा घेतल्याशिवाय पूर्ण मानत नाही. दशांश चिन्हाचेही असेच असते. काही लोकेलमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, आणि १.२५ हे मोजमाप १२५ म्हणून साठवले गेले तर त्याचा परिणाम तारखेच्या चुकीपेक्षा गंभीर होईल.

फाइलींच्या नावांतील लहान-मोठ्या अक्षरांचा प्रश्नही लोक विचारतात. विंडोज तो भेद मानत नाही, लिनक्स मानते, आणि वाइन प्रत्येक वेळी फोल्डर चाळून जुळणारे नाव शोधते. एकाच फोल्डरमध्ये दहा-वीस हजार फाइली साठल्या असतील तरच त्याचा वेळ जाणवतो. जुन्या वर्षांच्या फाइली उपफोल्डरमध्ये हलवल्या की पुरते.

आणखी एक गोष्ट तुमच्या इन्स्टॉलरविषयी. त्या काळातले काही प्रोग्राम स्वतः ३२-बिट असत पण त्यांचा इन्स्टॉलर १६-बिट असे, आणि ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत. वाइनने ती सोय राखली आहे. नव्या विंडोजवर जो इन्स्टॉलर सुरूच होत नाही तो लिनक्सवर निमूटपणे चालताना मी पाहिला आहे. जुन्या प्रोग्रामांच्या बाबतीत वाइन हा दुय्यम पर्याय आहे, ही समजूत म्हणूनच सरसकट खरी नाही.

व्हर्च्युअल मशीनकडे वळू. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनचा आधार दिला, २००७ च्या फेब्रुवारीत तो आधार वापरून व्हर्च्युअल मशीन चालवणारे केव्हीएम लिनक्स कर्नल २.६.२० चा भाग झाले, आणि आज लिनक्सवर विंडोज एक्सपी चालवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही. तिथे खरे विंडोज कर्नल असते, खऱ्या डीएलएल असतात, ड्रायव्हरही आपल्या घरात असतो. यूएसबी उपकरण किंवा डोंगल पाहुण्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या, सिस्टिमच्या हवाली करता येते. पण या मार्गाचीही तीन देणी आहेत आणि ती आधीच माहीत असावीत.

पहिले, विंडोजचा परवाना लागतो, आणि जुन्या संगणकासोबत आलेला परवाना बहुधा त्याच यंत्रापुरता असतो. दुसरे, विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्यामुळे अशा पाहुण्या सिस्टिमला नेटवर्क देऊच नये. फाइलींची देवाणघेवाण एका ठरावीक सामायिक फोल्डरमधून करावी आणि व्हर्च्युअल नेटवर्क कार्ड काढून टाकावे. तिसरे, घड्याळ. व्हर्च्युअल मशीन थांबवून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू केले, तर पाहुण्याचे घड्याळ काही सोय केलेली नसल्यास कालच्याच वेळेवर राहते आणि मोजमापांवर चुकीची वेळ उमटते. मापनाच्या कामात मी व्हर्च्युअल मशीन कधीही ‘सस्पेंड’ करत नाही, रोज रीतसर बंद करतो. तसेच यंत्राला मिलिसेकंदांत उत्तर हवे असेल तर यूएसबी हवाली करण्यातला उशीर कधीकधी भोवतो, म्हणून लांबलचक मोजमापाची एक सलग फेरी करून पाहावी.

नवे संगणक एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचे असतील तर वरचे सारे अपुरे ठरते, कारण तिथे मागण्यांच्या भाषांतराआधी मूळ सूचनांचेच भाषांतर करावे लागते. लिनक्सवर बॉक्स६४, एफईएक्स आणि क्यूईएमयू ते करतात, ॲपलने २०२० पासून रोझेटा २ दिले. ही साधने उत्तम आहेत, पण कंपनीने दिलेले भाषांतराचे साधन हा संक्रमणकाळापुरता पूल असतो. ॲपलचे पहिले रोझेटा २००६ मध्ये आले आणि २०११ च्या लायनमध्ये काढले गेले, ३२-बिट प्रोग्राम तर २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवर चालतच नाहीत. यंत्राला जोडलेला प्रोग्राम अजून दहा वर्षे चालवायचा असेल तर तो इंटेल किंवा एएमडीच्या संगणकावरच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खेळांसाठी व्हॉल्वने २०१८ मध्ये आणलेल्या, वाइनवर आधारलेल्या प्रोटॉनमुळे वाइनचा वेग आणि लौकिक दोन्ही वाढले. लिनक्स कर्नलमध्येही त्यासाठी सोयी आल्या. ५.११ मध्ये थेट सिस्टिम कॉल करणाऱ्या विंडोज प्रोग्रामांना अडवून वळवण्याची सोय आली, ६.१४ मध्ये विंडोजच्या पद्धतीने प्रक्रियांचा ताळमेळ राखणारा ड्रायव्हर आला. तुमच्या प्रोग्रामला यांची गरज पडणार नाही. मात्र या वेगाची दुसरी बाजू अशी की वाइनची विकास-आवृत्ती साधारण दर दोन आठवड्यांनी येते आणि एका आवृत्तीत चालणारे दुसरीत मोडू शकते. वर्षाला एकदा येणारी स्थिर आवृत्ती निवडावी, ती चाचणीत उतरली की तिथेच गोठवावी आणि तिची पॅकेजे स्वतःजवळ साठवून ठेवावीत.

सुरक्षिततेविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वाइन म्हणजे बंदिस्त खोली नव्हे. त्यात ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून लिनक्सची संपूर्ण फाइल सिस्टिम दिसते आणि ‘माय डॉक्युमेंट्स’ हे फोल्डर वापरकर्त्याच्या खऱ्या फोल्डरला जोडलेले असते. विंडोजसाठी लिहिलेला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम वाइनमध्ये चालला तर तो या फाइलींपर्यंत पोचू शकतो. म्हणून या प्रोग्रामसाठी लिनक्सवर स्वतंत्र वापरकर्ता तयार करावा, झेड ड्राइव्हची जोडणी काढावी आणि वाइन कधीही रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवू नये.

तुमच्या बाबतीत मी पुढील क्रमाने जाईन. सर्वांत आधी जुन्या संगणकाच्या संपूर्ण हार्ड डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवीन, कारण दोन दशके जुनी डिस्क कोणत्या सकाळी सुरू होणार नाही ते सांगता येत नाही, आणि पुढे व्हर्च्युअल मशीनचा मार्ग धरावा लागला तर हीच प्रतिमा आधार ठरेल. त्यानंतर एमडीबी फाइलीची प्रत घेऊन लिनक्सवरच्या एमडीबी टूल्सने तिच्यातली सारी कोष्टके साध्या सीएसव्ही मजकुरात उतरवीन. या नोंदी एखाद्या प्रोग्रामशिवायही वाचता आल्या पाहिजेत, ही गोष्ट तो प्रोग्राम चालण्याइतकीच महत्त्वाची आहे. मग यंत्राच्या मागे जाऊन केबल पाहीन. सीरियल असेल, डोंगल नसेल आणि काम एकाच जागेवरून होत असेल तर वाइन. यांपैकी एकही गोष्ट उलट असेल तर व्हर्च्युअल मशीन. निवड कोणतीही झाली तरी जुना आणि नवा संगणक एक पूर्ण महिना समांतर ठेवीन. तेच नमुने दोन्हींवर मोजायचे, दोन्हींतून काढलेल्या सीएसव्ही फाइलींची रोज ओळीनुसार तुलना करायची, आणि महिन्याचा अहवाल दोन्हीकडून छापून शेजारी ठेवायचा.

वाइन निवडता आले तर त्याचा एक फायदा शेवटपर्यंत घ्यावा. वाइनमधला प्रोग्राम ही लिनक्सची साधी प्रक्रिया असल्यामुळे ‘एसट्रेस’ या सिस्टिम कॉल नोंदवणाऱ्या साधनाने तिचे पोर्टवरचे प्रत्येक वाचन आणि लेखन बाइटनुसार नोंदवता येते: कोणत्या वेगाने पोर्ट उघडला, यंत्राला कोणती आज्ञा पाठवली, उत्तरात किती बाइट आले, शेवटचा तपासणी-बाइट कसा काढला. एका ठिकाणी मी अशी दोन दिवसांची नोंद घेतली होती. त्या यंत्राच्या सगळ्या संभाषणात मिळून सहा आज्ञा निघाल्या आणि त्यांची उत्तरे ठरावीक लांबीची होती. त्यावरून आकडे वाचून थेट फाइलीत लिहिणारा लहानसा पायथन प्रोग्राम तयार झाला. सुरुवातीला तो जुन्या प्रोग्रामच्या उत्तरांशी पडताळून पाहण्यापुरता होता, आणि पुढे वर्षभराने मोजमापाचे सारे काम त्याच्याकडे आले. जुना प्रोग्राम तिथे अजूनही वाइनमध्ये आहे, पण तो आता केवळ जुन्या नोंदी पाहण्यासाठी उघडला जातो.